मंदीतील पदवीधर आणि पहिली नोकरी : प्रस्तावना

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मंदीची प्रचलित व्याख्या अशी की, देशाचे एकूण उत्पादन सलग दोन तिमाहींत घटले म्हणजे अर्थव्यवस्था मंदीत गेली असे मानावे. आणि ही मोजपट्टी लावली तर भारतात गेल्या चार दशकांत निर्विवाद मंदी एकदाच आली, ती २०२० साली, जेव्हा टाळेबंदीमुळे एप्रिल ते जून या तिमाहीचे उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी आकुंचन पावले आणि पुढच्या तिमाहीतही घट कायम राहिली. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने मात्र ही व्याख्या फारशी कामाची नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षात भारताचा विकासदर आठ टक्क्यांच्या वर होता, तरीही त्याच वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची एकत्रित कर्मचारीसंख्या साठ हजारांहून अधिकने कमी झाली, आणि हिंजवडीकडे डोळे लावून बसलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्लेसमेंट कक्षांत दर वर्षी येणाऱ्या मोठ्या कंपन्या एक तर आल्या नाहीत किंवा मूठभर विद्यार्थी निवडून परत गेल्या. त्याआधी २०१९ साली वाहनविक्री घसरली तेव्हा चाकण आणि भोसरी येथील सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत पाळ्या कमी झाल्या होत्या, पण त्या वेळी संगणक क्षेत्रातील भरती चालूच होती. म्हणून प्रस्तुत पुस्तकात मंदी हा शब्द राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्थाने न वापरता, एखाद्या प्रदेशातील ज्या क्षेत्रांत नवे पदवीधर सामावले जातात त्या क्षेत्रांनी भरतीचा हात आखडता घेण्याचा काळ, अशा मर्यादित अर्थाने वापरला आहे.

या अर्थाच्या मंदीचा पहिला फटका नवख्यांनाच का बसतो, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढच्या सर्व सल्ल्याचा पाया तेथे आहे. मागणी घटली की कोणतीही आस्थापना प्रथम असलेल्या माणसांना काढत नाही. काढण्यात भरपाई, नोटीस, कामगार कायदा आणि बदनामी असे चार अडथळे असतात, तर नवी भरती थांबवण्यात यांपैकी एकही नसतो. शिवाय बाहेर संधी कमी झाल्या की आत असलेले कर्मचारी जागा सोडत नाहीत, त्यामुळे नैसर्गिकपणे रिकाम्या होणाऱ्या जागाही रिकाम्या होत नाहीत. मोठ्या संगणक कंपन्यांत नोकरी सोडून जाणाऱ्यांचे वार्षिक प्रमाण २०२२ मध्ये वीस टक्क्यांच्या पुढे गेले होते, ते २०२४ पर्यंत बारा ते चौदा टक्क्यांवर आले. याच कंपन्यांत पूर्वी शेकडो नवे पदवीधर आधी घेऊन, प्रशिक्षण देऊन, प्रत्यक्ष काम मिळेपर्यंत पगारावर राखून ठेवले जात, ज्याला त्या व्यवसायात ‘बेंच’ म्हणतात; काम कमी झाले की हा साठा सर्वांत आधी कमी केला जातो. ऑफर लेटर हातात असूनही जॉइनिंगची तारीख महिनोन् महिने न येणे, हा २००८-०९ मध्ये आणि पुन्हा २०२२-२३ मध्ये अनेकांना आलेला अनुभव याच व्यवस्थेचा परिणाम होता. एका मोठ्या कंपनीने २०२३ च्या आरंभी आधी देऊ केलेले वार्षिक साडेसहा लाखांचे वेतन साडेतीन लाखांवर आणून, ते मान्य असल्यास लगेच रुजू व्हावे, असाही पर्याय निवड झालेल्यांपुढे ठेवला होता.

येथे एक गोष्ट आरंभीच मान्य केली पाहिजे, जी नोकरीविषयक मार्गदर्शनपर पुस्तके सहसा मान्य करत नाहीत. कोणत्याही सल्ल्याने जागा निर्माण होत नाहीत. शंभर उमेदवार आणि चाळीस जागा असतील, तर शंभरांनी उत्तम रेझ्युमे लिहिला, शंभरांनी मुलाखतीचा सराव केला, तरी साठ जण बाहेरच राहणार. फक्त ते साठ कोण, एवढेच बदलू शकते. असे असूनही अपयशाची जबाबदारी ‘कौशल्यांचा अभाव’ या सोयीच्या शब्दाखाली उमेदवारावर टाकण्याची प्रथा उद्योगसंघटनांपासून विद्यापीठांच्या दीक्षान्त भाषणांपर्यंत रूढ झाली आहे. कौशल्यांचा प्रश्न खोटा नाही, पण तो तेजीतही असतो, आणि तेजीत त्याच कौशल्यांच्या मुलांना त्याच कंपन्या हजारोंनी घेतात. मग सल्ल्याचा उपयोग काय, असा प्रश्न रास्त ठरतो. त्याचे उत्तर एवढेच की, सल्ल्याने वाया जाणारा काळ कमी करता येतो, वाईट सौदा टाळता येतो, आणि पहिली नोकरी मनासारखी नसली तरी तेथून पुढे सरकण्याची वाट मोकळी ठेवता येते.

सुशिक्षितांची बेकारी ही भारतात नवी घटना नाही. १९६५-६६ आणि १९६६-६७ या लागोपाठच्या दोन दुष्काळी वर्षांनंतर, जून १९६६ मधील रुपयाच्या अवमूल्यनानंतर आणि पंचवार्षिक योजना तीन वर्षे स्थगित होऊन सार्वजनिक गुंतवणूक आटल्यानंतर, यंत्रोद्योगाच्या मागण्या घटल्या आणि ज्या अभियंत्यांना राष्ट्रउभारणीचे शिल्पकार म्हटले गेले होते तेच बेकार झाले. सरकारने १९६८ साली अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रवेशसंख्येत कपात केली. पुढच्या वर्षी मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयर्ड आणि मॉरीन वुडहॉल या तीन अभ्यासकांनी भारतातील पदवीधरांच्या बेकारीच्या कारणांवर एक ग्रंथ लिहिला, ज्यातील मुख्य प्रतिपादन आजही विचारात घ्यावे असे आहे: पदवीधर बेकार असतो तो मुख्यतः पहिल्या नोकरीच्या प्रतीक्षेत, आणि या प्रतीक्षेचा काळ त्याच्या अपेक्षा, कुटुंबाची पोसण्याची क्षमता आणि नोकऱ्यांविषयीची माहिती यांवर ठरतो. महाराष्ट्राने १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देऊन या प्रतीक्षागृहात किती मोठी भर घातली, याचा स्वतंत्र हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

बेकारीचे आकडे वाचताना सावधगिरी लागते. केंद्र सरकारची नियतकालिक श्रमबल पाहणी २०१७-१८ पासून होते आणि तिच्या साप्ताहिक मोजणीत ज्याने आठवड्यात एक तासभर जरी कमाईचे काम केले तो बेरोजगार ठरत नाही. वडिलांच्या किराणा दुकानात बिनपगारी बसणारा वाणिज्य पदवीधर ‘कुटुंबातील साहाय्यक’ म्हणून रोजगारात धरला जातो. तरीही याच पाहणीच्या आधारे आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, २०२२ साली तरुण पदवीधरांमधील बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते ३.४ टक्के असल्याचे नोंदवले आहे. याचा अर्थ शिक्षणाने नुकसान होते असा काढणे चुकीचे ठरेल. निरक्षर तरुणाला बेकार राहणे परवडतच नाही, म्हणून तो मिळेल ते काम करतो. पदवीधर थांबतो, कारण त्याला थांबण्याजोगे काही तरी समोर दिसत असते, आणि त्याच्या घरचे त्याला काही काळ थांबू देतात.

हे थांबणे कितपत शहाणपणाचे, याविषयी परदेशात झालेले दोन अभ्यास मार्गदर्शक आहेत. अमेरिकेत १९७९ ते १९८९ या काळात पदवी घेतलेल्यांचा मागोवा घेऊन लिसा कान यांनी दाखवले की, मंदीच्या वर्षात पदवी घेणाऱ्यांचे वेतन तेजीत पदवी घेणाऱ्यांपेक्षा दशकाहून अधिक काळ कमी राहिले. फिलिप ओरिओपूलस, टिल फॉन वॉख्टर आणि अँड्र्यू हाइस यांनी कॅनडातील पदवीधरांविषयी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे चित्र काहीसे सौम्य आणि अधिक उपयुक्त झाले आहे: सर्वसाधारण मंदीत सुरुवातीची कमाई सुमारे नऊ टक्क्यांनी कमी असते, पाच वर्षांत ही तूट निम्मी होते आणि दहाव्या वर्षाच्या आसपास बुजते. ती बुजते कशी, हे अधिक महत्त्वाचे आहे. ज्यांनी मंदीत लहान किंवा कमी पगार देणाऱ्या आस्थापनांत सुरुवात केली आणि बाजार सुधारताच तेथून चांगल्या आस्थापनांत उडी मारली, त्यांनी तूट भरून काढली. जे पहिल्याच जागी रुतून बसले, त्यांची तूट राहिली. त्यामुळे मंदीतील पहिल्या नोकरीकडे पाहताना ‘किती पॅकेज’ या प्रश्नाइतकाच ‘येथून दोन वर्षांनी कोठे जाता येईल’ हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. भारतात मात्र ही उडी कॅनडाइतकी सोपी नाही, कारण तीन-तीन महिन्यांचे नोटीस पिरिअड, सेवेचे बाँड आणि ‘याच कामाचा अनुभव हवा’ हा जाहिरातींतला हट्ट या तिन्हींमुळे कर्मचाऱ्याचे पाय बांधले जातात. बांधकाम कंपनीच्या कार्यालयात कारकुनी करणारा स्थापत्य अभियंता दोन वर्षांनी साइटवर घेतला जाईल, याची खात्री देता येत नाही. म्हणून कमी पगाराची पण आपल्या विद्येशी नाते असलेली नोकरी आणि जास्त पगाराची पण असंबद्ध नोकरी यांत निवड करायची वेळ आली, तर घरची निकड नसल्यास पहिली घ्यावी, असे या पुस्तकाचे मत आहे.

महाराष्ट्रात थांबण्याचे सर्वांत संघटित रूप म्हणजे स्पर्धा परीक्षा. पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि शास्त्री रस्त्याच्या परिसरात अभ्यासिका, मेस, कॉट बेसिसवरच्या खोल्या, नोट्सची दुकाने आणि शिकवणी वर्ग यांची एक स्वयंपूर्ण अर्थव्यवस्था उभी आहे, जिचा कच्चा माल म्हणजे मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांतून आलेली, बहुतेक वेळा घराण्यातील पहिली पदवीधर असलेली मुले-मुली. तलाठी पदाच्या २०२३ च्या भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली गेली, तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले; त्या संतापाचे मूळ केवळ एका तारखेत नव्हते, तर वय, पैसा आणि घरच्यांचा धीर ही तिन्ही एकाच वेळी संपत आल्याच्या जाणिवेत होते.

सर्वसाधारण तर्क असा की जागा कमी झाल्या म्हणजे उमेदवार या वाटेकडे पाठ फिरवतील. प्रत्यक्षात उलटे घडते. तामिळनाडू सरकारने २००१ ते २००६ या काळात बहुतेक पदांची भरती गोठवली होती. कुणाल मंगल या अभ्यासकाने त्या काळाचा अभ्यास केला तेव्हा आढळले की, सुशिक्षित तरुणांनी तयारी सोडून खासगी नोकरी धरण्याऐवजी अधिक काळ बिनकामाचे राहून तयारी चालू ठेवली, आणि पुढील आयुष्यातील कमाईवरही त्याचा प्रतिकूल परिणाम झाला. यामागे मूर्खपणा नाही. खासगी क्षेत्र डळमळीत झाले की सरकारी नोकरीची किंमत डोळ्यांत भरते. तयारीत घातलेली वर्षे सोडवत नाहीत. आणि आपली निवड होण्याची शक्यता किती हे उमेदवाराला नीट ठाऊक नसते, कारण यशस्वी उमेदवारांचे सत्कार होतात, फलक लागतात, व्याख्याने होतात, पण अयशस्वी उमेदवार गावी परत जातो तेव्हा त्याची कोठेही नोंद होत नाही. महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही वयोमर्यादा उशिरा शिक्षण सुरू करणाऱ्यांना न्याय देणारी आहे खरी. परंतु तिच्यामुळे ‘अजून वेळ आहे’ हे वाक्य वयाच्या पस्तिशीपर्यंत म्हणता येते, हाही तिचा परिणाम आहे.

या विषयावर उपदेश करणाऱ्यांची वाण नाही, आणि ‘प्लॅन बी ठेवा’ हे त्यांचे ठरलेले वाक्य उमेदवारांच्या कानांवरून कधीच गेलेले आहे. त्याऐवजी एक मोजता येण्याजोगी कसोटी सुचवणे अधिक उपयोगाचे. पूर्वपरीक्षेचे स्वतःचे गुण आणि त्या वर्षीची गुणवत्तासीमा, म्हणजे कट-ऑफ, यांतील अंतर प्रत्येक प्रयत्नानंतर लिहून ठेवावे. सलग दोन प्रयत्नांत हे अंतर कमी होत नसेल, तर तिसरा प्रयत्न पूर्णवेळ न करता नोकरी करीत करावा. किती प्रयत्न करायचे हा आकडा पहिल्या प्रयत्नाआधी घरच्यांसमक्ष ठरवावा, निकालानंतर नव्हे, कारण थोडक्यात गेलेला निकाल हा सर्वांत फसवा सल्लागार असतो.

दुसरा मोठा विषय ओळखीचा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावातील नोकरदारांची पाहणी करून १९७३-७४ मध्ये दाखवले की, निम्म्याहून अधिक लोकांना नोकरीची माहिती जाहिरातींतून नव्हे तर परिचितांकडून मिळाली होती, आणि हे परिचित बहुधा जिवलग नव्हते, तर क्वचित भेटणारे, दूरचे लोक होते. कारण सरळ आहे: जिवलग मित्राला जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असते, दूरच्या परिचिताचे वर्तुळ वेगळे असल्याने त्याच्याकडची बातमी नवी असते. महाराष्ट्रातील संकोची पदवीधराला मात्र कोणाला विचारणे म्हणजे वशिला लावणे वाटते, आणि वशिल्याविषयीची त्याची घृणा योग्यच आहे. येथे भेद करावा लागतो. निवड करणाऱ्याचा निर्णय बदलवणे हा वशिला. जागा रिकामी होणार आहे, तेथे कोणते काम चालते, अर्ज कोणाकडे पाठवायचा, हे विचारणे ही माहिती. मंदीत हा भेद आणखी महत्त्वाचा होतो, कारण जाहिरात दिली की हजारो अर्ज येऊन पडतात या भीतीने लहान आणि मध्यम उद्योग जाहिरातच देत नाहीत. एमआयडीसीतील शंभर माणसांच्या कारखान्यात खरेदी विभागातली जागा भरली जाते ती तेथल्याच कोणाच्या तरी सांगण्यावरून. आपल्या महाविद्यालयातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले विद्यार्थी हा या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित ठेवा आहे; त्यांच्याकडे नोकरी मागू नये, वीस मिनिटे मागावीत आणि कामाविषयी विचारावे.

अर्थात ओळखी सर्वांना सारख्या वाटलेल्या नसतात. ज्याच्या घरात कोणी कार्यालयात काम केलेले नाही, त्याला दूरचे परिचितही शेतीत आणि मजुरीत सापडतात. आणि ओळखीशिवाय केवळ अर्जावर निवड होते तेथे तरी समता असते, असेही नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, इंग्रजी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण आडनावांवरून उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम वाटतील असे अर्ज पाठवले. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढची बोलावणी लक्षणीयरीत्या कमी आली. मंदीत निवडीला वाव जितका वाढतो, तितका अशा पूर्वग्रहालाही वाढतो. म्हणून ज्यांच्या मागे नातेसंबंधांचे जाळे नाही त्यांनी लेखी परीक्षेवर निवड होणाऱ्या जागा, म्हणजे आयबीपीएसमार्फत होणारी बँकभरती, विमा कंपन्या आणि सार्वजनिक उपक्रम, यांकडे आधी वळावे, ही शिफारस तत्त्वापोटी नव्हे तर व्यवहारापोटी केलेली आहे.

नोकरीविषयक बहुतेक लेखन अभियंत्यांसाठी लिहिलेले असते, जणू इतर पदवीधर अस्तित्वातच नाहीत. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीनुसार पदवीपूर्व विद्यार्थ्यांत कला शाखेचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश, तर अभियांत्रिकीचे सुमारे बारा टक्के आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या कला महाविद्यालयात कंपनी तेजीतही येत नाही; तेथील विद्यार्थ्याला मंदी नव्याने येत नाही, ती कायमचीच असते. या विद्यार्थ्यांसाठी शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अॅप्रेंटिसशिप, ही वाट पुरेशी वापरली गेलेली नाही. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अभियांत्रिकी पदवीधर आले आणि २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही दार उघडले. तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे, पदवीधरासाठी २०१९ च्या नियमांनुसार किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरले होते, आणि महाराष्ट्र व गोव्यासह पश्चिम विभागाचे काम मुंबईतील प्रशिक्षण मंडळ पाहते. राज्य सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही पदवीधरांना दरमहा १०,००० रुपयांवर काम शिकण्याची संधी देण्यात आली. या सर्व योजनांत एक अट लपलेली नाही, पण वाचली जात नाही: शिकाऊ उमेदवार हा कर्मचारी नसतो, आणि मुदत संपल्यावर कायम करण्याचे बंधन आस्थापनेवर नसते. ही अट ठाऊक असून घेतलेले वर्ष उपयोगी पडते. ती विसरून घेतलेले वर्ष आंदोलनाच्या मंडपात संपते.

वेतनाच्या सौद्याविषयी थोडक्यात. ऑफर लेटरवर जो आकडा ठळक असतो तो सीटीसी, म्हणजे कर्मचाऱ्यावर कंपनी करणार असलेला एकूण वार्षिक खर्च. त्यात मूळ वेतन आणि भत्त्यांखेरीज भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेली, मंदीत बहुधा न मिळणारी रक्कम हे सारे मिळवलेले असते. हातात दरमहा किती पडणार, हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. बाँडविषयी तरुणांत दोन टोकांचे गैरसमज आहेत: बाँड म्हणजे वेठबिगारी, किंवा बाँडला कायद्यात काहीच अर्थ नाही. भारतीय करार कायदा १८७२ चे कलम २७ व्यवसायस्वातंत्र्यावर बंधन घालणारा करार रद्दबातल ठरवते, परंतु ते मुख्यतः नोकरी सोडल्यानंतरच्या बंधनांना लागू पडते. नोकरीच्या काळातील ठरावीक मुदतीची अट आणि ती मोडल्यास वाजवी भरपाई हे न्यायालये मान्य करतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. मूळ प्रमाणपत्रे कंपनीकडे ठेवून घेण्याची अट मात्र कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये.

जागा कमी झाल्या की फसवणूक वाढते, कारण आशेला गिऱ्हाईक वाढते. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, लॅपटॉपची अनामत अशा नावांखाली उमेदवाराकडून पैसे मागणारी नोकरी ही नोकरी नव्हे, एवढा एक नियम पाळला तरी निम्मे बळी वाचतील. २०२२ पासून थायलंडमधील संगणकावरच्या कामाचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारमधील म्यावाडी परिसरात नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याची प्रकरणे उघडकीस आली. बळी पडलेल्यांत चांगले शिकलेले, संगणक हाताळणारे तरुण होते. परदेशी नोकरीचा दलाल केंद्र सरकारकडे नोंदलेला आहे की नाही, हे ई-मायग्रेट या सरकारी व्यवस्थेवर तपासता येते. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर पहिल्या काही तासांत तक्रार केल्यास ते गोठवले जाण्याची शक्यता राहते.

मुलींच्या बाबतीत या सर्व हिशेबाला एक वेगळी मुदत लागते, ती बाजाराची नव्हे तर घराची. मुलगा दोन वर्षे थांबला तर त्याला तयारी म्हणतात. मुलगी दोन वर्षे थांबली तर स्थळे पाहिली जातात. त्यामुळे वाट पाहण्याचे जे गणित मुलाला तोट्याचे ठरते ते मुलीला अनेकदा संपूर्ण नोकरीच्या शक्यतेवरच पाणी सोडायला लावते. लहान, कमी पगाराची, पण घरापासून जवळची पहिली नोकरी लगेच घेणे तिच्या दृष्टीने अधिक मोलाचे, कारण हातात पगार असलेल्या मुलीचे लग्नाविषयीचे म्हणणे घरात निराळ्या कानांनी ऐकले जाते.

राहता राहिला रेझ्युमेचा प्रश्न, ज्यावर इतर पुस्तकांत अर्धी पाने खर्च होतात. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणक वाचतो आणि जाहिरातीतील शब्दांशी ताडून पाहतो. म्हणून जाहिरातीत ज्या नावाने काम सांगितले असेल त्याच नावाने आपले काम लिहावे, चौकटी आणि आलंकारिक मांडणी टाळावी, आणि वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती व शेवटचे प्रतिज्ञापत्र हे लग्नाच्या बायोडेटासाठी राखून ठेवावे. पदवी आणि आज यांमधील रिकाम्या काळाची, म्हणजे ‘गॅप’ची, भीती मात्र प्रमाणाबाहेर घेतली जाते. क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो यांनी अमेरिकेतील शंभर शहरांत सुमारे बारा हजार बनावट अर्ज पाठवून केलेल्या प्रयोगात, बेकारीचा काळ वाढत गेला तशी बोलावणी कमी झाली खरी, परंतु ही घट पहिल्या सात-आठ महिन्यांतच मुख्यतः झाली, आणि जेथे रोजगाराचा बाजार मंद होता तेथे ती सौम्य होती. कारण मंदीत माणूस बेकार असणे हा त्याचा दोष मानला जात नाही. परीक्षेच्या तयारीत गेलेली वर्षे लपवून तेथे एखाद्या नातेवाइकाच्या फर्मचा खोटा अनुभव दाखवण्याची जी रीत पडली आहे, ती यामुळे अनावश्यक तर आहेच, पण धोक्याचीही आहे, कारण भविष्य निर्वाह निधीच्या खाते क्रमांकावरून मागील नोकरीची पडताळणी आता सर्रास होते. त्यापेक्षा परीक्षेचे नाव, कोणत्या टप्प्यापर्यंत मजल गेली तो टप्पा आणि त्या काळात केलेले कोणतेही कमाईचे काम, मग ते शिकवण्या घेणे असो की अभ्यासिकेचे व्यवस्थापन, दोन ओळींत सरळ लिहावे. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येणार असतो, आणि त्याचे उत्तर उमेदवाराने आधीच स्वतःच्या शब्दांत तयार ठेवलेले असते.